माती नसलेली नर्सरी

मी टब बोलतोय. बादलीपेक्षा मोठा आणि हौदापेक्षा लहान, असा अधलामधला प्लास्टिकचा टब. एके काळी मी गुलाबी होतो. आता माझा रंग कोणता, यावर घरात एकमत नाही. माझ्या तळाला वीतभर भेग आहे आणि पाणी माझ्यात घटकाभरही ठरत नाही. तरी सांगतो, माझ्याइतका नशीबवान टब तुम्हाला शोधून सापडायचा नाही.

माझा जन्म एका साच्यात झाला. वितळलेलं प्लास्टिक आत गेलं, दाबलं, गार झालं आणि मिनिटभरात मी तयार. माणसाला त्यासाठी नऊ महिने लागतात हे पुढे कळलं, तेव्हा मला जरा संकोचच वाटला. दुकानात आम्ही बारा भावंडं एकात एक बसून होतो. एक दिवस एक नवरा-बायको आले. तिला सातवा महिना होता. तिने माझ्या काठावरून सगळीकडे बोट फिरवलं, कुठे धार लागते का बघितलं आणि नवऱ्याला म्हणाली, "हाच घ्या. याचं काही टोचत नाही."

ती घरी शाळेचे गणवेश शिवायची. तो बसडेपोत टाइमकीपर होता. कोणती गाडी किती वाजता सुटली आणि किती वाजता आली, याची नोंद ठेवायचा. अर्ध्या मिनिटाचीही सूट नाही. ड्रायव्हर मंडळी त्याच्या पाठीमागे त्याला 'घड्याळ' म्हणत, आणि ते त्याला माहीत होतं. उलट त्याला त्याचा अभिमानच होता.

मग बाळ आलं. तिच्या डाव्या हातावर त्याची मान, उजव्या हाताने पाणी, तेही चार बोटंच. "आहे रे, मी आहे," असं ती सारखी म्हणत राहायची. बाळाला मात्र कसली भीती नव्हती. तो दोन्ही पाय असे काही झाडायचा की निम्मं पाणी बाहेर. डावा पाय सरळ जायचा आणि उजवा जरा बाहेरच्या बाजूला फेकला जायचा. त्या उजव्या पायाचे फटके मी वर्षभर खाल्ले. अजून आठवले की बरं वाटतं.

भीती होती ती तिला. सात वर्षांची असताना तळ्यावर कपडे धुताना ती पाय घसरून आत गेली होती. थोरल्या बहिणीने वेणी धरून वर ओढली म्हणून वाचली. तेव्हापासून तिने तोंडावर कधी पाणी ओतून घेतलं नाही. केस धुवायचे तेही मान मागे टाकून, डोळे मिटून, घाईघाईने. तोंड धुवायचं ते ओल्या हाताने पुसून.

बाळ मोठं झालं आणि माझं काम बदललं. नवं सुती कापड शिवण्याआधी भिजवावं लागतं, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं आणि पोरांच्या चड्ड्या मांड्यांवर चढतात. ते कापड माझ्यात भिजायचं. एकदा त्या कापडाखाली तिच्या हाताला पोहण्याची ओली चड्डी लागली. पंधरा वर्षांचा पोरगा गेले आठ महिने शाळा सुटल्यावर चोरून पोहायला जात होता. तिने त्याला थोबाडीत मारली, स्वतःच रडली आणि ओरडली, "पुन्हा पाण्यात पाऊल टाकलंस तर मला आई म्हणू नकोस!"

रागात माणूस बोलून जातो. तिला वाटलं, विसरला असेल. मी तिथेच होतो, मी त्याचं तोंड बघितलं होतं.

पोरगा शिकला, दूर गेला. कॅरिबियन समुद्रात एक एवढासा देश आहे, टाइमकीपरच्या भिंतीवरच्या नकाशात नखाखाली झाकला जाईल एवढा. किनाऱ्यालगत शेकडो लहान लहान बेटं. तिथे त्याला नोकरी लागली. मागच्या अंगणात माझ्याशेजारी बसून ती फोनवर विचारायची, "काम काय करतोस रे?"

"नर्सरीत आहे, आई. रोपं वाढवतो. मोठी झाली की नेऊन लावतो."

तिला कोण आनंद! तिने सगळ्यांना सांगितलं, मुलगा नर्सरीत आहे. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी कपाळावर हात मारला. "अहो ताई, बत्तीस वर्षांचा घोडा झाला, अजून नर्सरीतच? पहिलीत कधी जाणार?"

"झाडांची नर्सरी हो! तुमचं आपलं काहीतरीच!" आणि दोघी हसून हसून बेजार.

मग एक दिवस तो म्हणाला, "बाबा निवृत्त झालेत. आता दोघं या एकदा. माझी नर्सरी बघा."

झालं. घरात प्रवासाची तयारी सुरू झाली. टाइमकीपरने जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे वेळापत्रक आखलं. पहिलं विमान, मधला मुक्काम, दुसरं विमान, मग छोटी बोट, मग बेट. सुटण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, उशीर झाल्यास शेरा. दुसऱ्या विमानाशी आला आणि गडी अडला. "अगं, हे बघ. निघतो मंगळवारी, रात्रभर उडतो आणि पोचतो तेही मंगळवारीच. मग मधली रात्र गेली कुठे?"

"तुम्हाला झोप लागेल, तेव्हा जाईल कुठेतरी," ती म्हणाली.

तिची तयारी वेगळी होती. तिने मिरचीचं, वांग्याचं, टोमॅटोचं बी घेतलं. प्रत्येकाची वेगळी पुरचुंडी, वर सुईदोऱ्याचे दोन टाके. एक नवं खुरपं घेतलं, त्याच्या मुठीला कापड गुंडाळलं. लेकाच्या हाताला घट्टे पडू नयेत म्हणून. आणि फोनवर विचारलं, "तुझ्याकडची माती कशी आहे रे? चिकण की रेताड? त्याप्रमाणे बी आणते. एखादा फोटो पाठव."

तो आधी इकडचं तिकडचं बोलत राहिला. "पाठवतो," तो म्हणाला.

फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. दोघं माझ्या काठाशी बसून बघत होते. निळं-हिरवं पाणी. त्यात, अगदी आत, त्यांचा मुलगा. डोळ्यांवर काच, तोंडात नळी. त्याच्या पुढ्यात दोऱ्या ताणलेल्या, आणि दोऱ्यांवर, अंगणात कपडे वाळत घालावेत तशा, लहान लहान फांद्या टांगलेल्या. खाली लिहिलं होतं, "आई, इथे माती नाही. ही पोवळ्यांची नर्सरी आहे. समुद्रातली पोवळी मरायला लागलीत, म्हणून आम्ही तुकडे वाढवून पुन्हा खडकावर लावतो. नावेतून काही दिसत नाही, तोंड पाण्यात घालावं लागतं. तुला जमणार नाही ते मला माहीत आहे. तू बेटावर बस, तरी मला चालेल."

"पोवळं म्हणजे अंगठीतला खडा ना?" टाइमकीपर म्हणाला. "तो वाढतो?"

ती उठून आत गेली. मशीनचा आवाज आला नाही, भांड्यांचाही नाही. परत आली तेव्हा डोळे लाल होते.

"सतरा वर्षं," ती म्हणाली. "सतरा वर्षं पोरगा पाण्यात राहतोय आणि मला पाण्याचा शब्द सांगितला नाही. का, माहितेय? मी म्हटलं होतं, आई म्हणू नकोस. त्याला आई म्हणायचं होतं हो."

टाइमकीपरने चष्मा काढून पुसला.

"मी बेटावर बसणार नाही," ती म्हणाली. "एवढं सातासमुद्रापार जायचं आणि लेकाचं काम न बघता यायचं? पाणी भरा त्या टबात."

माझ्यात पाणी भरलं गेलं. किती वर्षांनी काठोकाठ! पण पहिल्या दिवशी तिने नुसता माझा काठ धरला आणि पाण्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी नाकाचा शेंडा बुडवला आणि ठसका लागून मागे पडली. आठवडाभर हेच. दुकानातून काचेचा चष्मा आणि नळी आली. नळी तोंडात धरून ती माझ्यात वाकली की असा काही बुडबुड आवाज व्हायचा की वरून वहिनींनी विचारलं, "ताई, काय शिजतंय हो?"

"मी शिजतेय!" ती नळीतूनच ओरडली.

टाइमकीपर हातात घड्याळ घेऊन समोर स्टुलावर बसायचा आणि सेकंद मोजायचा. आता ऐका. ज्या माणसाने सदतीस वर्षांत एका गाडीला अर्धं मिनिट सोडलं नाही, तो मोजायचा कसा? "एक-दोन-तीन-चार, पाच-सहा-सात-आठ!" असा पळत सुटायचा. ती वर यायची, धापा टाकत विचारायची, "किती झाले?"

"वीस! पूर्ण वीस!"

झालेले असायचे नऊ. पण वीस म्हटलं की तिच्या तोंडावर जो उजेड पडायचा! घड्याळ खोटं बोलत होतं, आणि त्याइतकं शहाणं खोटं मी कधी ऐकलं नाही. हळूहळू नवाचे बारा झाले, बाराचे खरोखरचे वीस झाले, आणि तो हळूहळू मोजायला लागला.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. निघायला पंधरा दिवस राहिले असताना तिच्या नाकात पाणी गेलं आणि तळ्याची सगळी आठवण उसळून आली. तिने नळी भिरकावली. "नाही जमायचं मला. तिकिटं रद्द करा." दोन दिवस ती अंगणातच आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आली, माझ्याशेजारी बसली आणि माझ्या पाण्यात नुसता हात फिरवत राहिली. तिला काय आठवलं मला ठाऊक नाही. पण ती पुटपुटली, "आहे, मी आहे." कुणाला म्हणाली? स्वतःलाच, असं मला वाटतं. मग तोंड पाण्यात घातलं.

निघायच्या आदल्या सकाळी ती पूर्ण पाच मिनिटं राहिली. आनंदाच्या भरात उठताना तिने माझ्या काठावर सगळा भार दिला, आणि माझा म्हातारा तळ कट्कन उलला. पाणी अंगणभर झालं. टाइमकीपर कळवळला, "अरे अरे अरे!"

"जाऊ दे," ती पदर पिळत म्हणाली. "आता मोठ्या टबात."

बी घरीच राहिलं, कारण दुसऱ्या देशात तसं नेऊ देत नाहीत असं मुलाने कळवलं. खुरपंही राहिलं. मी अंगणात पालथा पडून राहिलो. तीन आठवडे फक्त मुंग्यांची सोबत. मला एकच घोर होता. गेली खरी, पण तोंड पाण्यात घातलं असेल ना?

दोघं परत आली त्याच दुपारी वहिनी खाली उतरल्या. "सांगा, सांगा! बघितली का नर्सरी?"

ती माझ्या पालथ्या तळावर बसली. भेग कुरकुरली, पण मी श्वास रोखून ऐकत होतो.

"नावेतून पाण्यात उतरले, पण नावेचा काठ सोडवेना. त्याने माझ्या पोटाखाली तळहात धरला. म्हणाला, आई, आहे मी. कुठून आठवलं त्याला, देव जाणे. मग मी तोंड घातलं. वहिनी, पोवळी लाल नसतातच तिथली! मोहरीच्या रंगाची, हरणाच्या शिंगांसारखी. आणि एवढे एवढे मासे त्यातून पळतायत. सगळी त्याने हाताने बांधलेली."

"आणि भीती?"

"होती की. अजून आहे. पण खरं सांगू? पोवळी मी थोडीच बघितली. तो बाजूला पोहत होता, मी त्याचे पाय बघत होते. डावा सरळ आणि उजवा असा, बाहेर फेकत." तिने हाताने माझ्या अंगावर फटका मारून दाखवला. "तसाच. जसा ह्या टबात मारायचा तस्साच. मी शिकवलं नव्हतं हो, मी तर मारलं होतं."

तिने डोळे पुसले आणि आत बघून ओरडली, "अहो, किती वेळ होते मी पाण्यात? नावेत बसून मोजत होतात ना?"

"सतरा मिनिटं!" आतून आवाज आला.

"खरी मोजलीत की तुमची नेहमीची?"

टाइमकीपर दारात आला, ओशाळलेला. "तुला कळत होतं?"

"पहिल्या दिवसापासून," ती म्हणाली. "बरं केलंत."

त्याच संध्याकाळी तिने मला उताणा केला. भेगेवर दोन खापऱ्या ठेवल्या, वर माती घातली. ते राहून गेलेलं बी पुरचुंड्यांचे टाके उसवून माझ्यात पेरलं, आणि कापड गुंडाळलेल्या त्या खुरप्याने वरून हलकेच माती सारली. जादा पाणी भेगेतून आपोआप निघून जातं, रोपं कुजत नाहीत. आज मिरची बोटभर झाली आहे. दर रविवारी ती फोन माझ्यासमोर धरते आणि म्हणते, "बघ, माझी नर्सरी. हिला माती आहे हो!" पलीकडून तो हसतो आणि म्हणतो, "आई, पुढच्या वेळी अर्धा तास राहायचं पाण्यात."

माझी कुणाबद्दल तक्रार नाही. मिनिटभरात जन्मलो, पण मला पुरेपूर वापरलं गेलं, याहून काय हवं? पुढेमागे माझा काठही उलेल आणि कुणीतरी भंगारवाल्याला हाक मारेल. मारा खुशाल. फक्त आधी रोपं नीट काढून लावा, आणि मला उचलताना आतल्या डाव्या बाजूला एकदा हात फिरवून बघा. तिथे जरासा पोचा आलेला आहे. तो उजव्या पायाचा आहे.