बोटीवरचं बिल

मी महाळुंगे पडवळच्या संपतच्या कमरेचा कसा बोलतोय. आताच्या पोरांना कसा म्हणजे काय तेच ठाऊक नसतं, म्हणून आधी तेवढं सांगतो. मांजरपाटाची लांब, अरुंद पिशवी. एका बाजूला तोंड, दोन्ही टोकांना बांधायचे बंद. आत नोटा सारायच्या, तोंड दुमडायचं आणि सदऱ्याखाली पोटाला बांधायचं. झालं माझं रूप. फार बोलायची मला सवय नाही, आणि आता दमलोय पण. तरी बसलाच आहात तर ऐका.

मला शिवलं संपतच्या आईनं, झुंबरबाईनं. नव्वद-एक्क्याण्णवचा सुमार असेल. संपतचे वडील चिमाजी वारले, त्यांचा कसा पार विरून गेला होता, आणि संपतला बेल्ह्याच्या बैलबाजाराला जायचं होतं. झुंबरबाईनं गोधडीचा जाड दोरा घेतला आणि दुहेरी टीप घातली. संपतच्या कमरेला बांधताना म्हणाली, "रोख द्यायचं, रोख घ्यायचं. कुणाच्या दारात आपलं नाव निघाया नको."

संपतनं ते धरलं ते धरलंच. बैल घेतले रोखीनं, बी घेतलं रोखीनं, पप्पूच्या लग्नाचा मांडवसुद्धा रोखीनं. पप्पू म्हणजे त्याचा मुलगा. बटाटा विकला, टोमॅटो विकला, सगळं माझ्या पोटातून आलं आणि गेलं. घामानं भिजायचं, चुलीपाशी वाळायचं. एक गोष्ट मी पाहिली आहे. पैसे असलेला माणूस सारखा पोटावरून हात फिरवतो. खिसेकापूला पत्ता तोच देतो, आणि वर म्हणतो, मी किती सावध.

मंचरच्या पेठेत इंदरचंदशेठचं बी-बियाण्याचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, शेठ मात्र बोलायला आपल्यासारखेच. दोन हजार सातच्या हिवाळ्यात शेठनं संपतला हाक मारली.

"संपतभाऊ, बोटीवर येता का?"

"कसल्या बोटीवर, शेठ?"

"समुद्रातल्या. औषधाच्या कंपनीनं दिलंय. मी आणि माझ्या पसंतीचा एक शेतकरी, दोघंही जोडीनं. मुंबईहून निघायचं, गोव्याकडं फिरून परत यायचं. राहणं-खाणं कंपनीचं."

"मीच का पर?"

"उधारीवाल्यातला एक नेला तर बाकीचे रुसतील. एकाची तरी उधारी बुडेल माझी. रोखीचे तुम्ही एकटेच. तुम्हाला नेलं तर कुणाला बोलायला जागा नाही."

संपत हसला नाही, पण घरी जाऊन प्रयागबाईला सांगितलं. प्रयागबाई त्याची बायको. ती म्हणाली, "बुडाली तर दोघं बुडू. चला."

बंदरावर एक मोठी खोली होती. आत शिरताना शिपायानं संपतच्या पोटावर हात लावला आणि थबकला. "ये क्या है?" संपत म्हणाला, "कसा हाय." शिपायाला काही उमगेना. मागून शेठ म्हणाले, "पैसे की थैली है भाई, जाने दो." मला लाज वाटली. आजवर मला कुणी असं चाचपलं नव्हतं.

पुढं टेबलाशी एक मुलगी बसली होती. तिनं सांगितलं की बोटीवर कुठंच रोख चालत नाही. प्रत्येकाला बोटीचं एक कार्ड मिळेल. दुकानात, फोनला, कशालाही तेच दाखवायचं. त्या कार्डामागं पैसे कुठले लावायचे ते आत्ता सांगा. रोख जमा करा, नाहीतर बँकेचं डेबिट कार्ड द्या, नाहीतर क्रेडिट कार्ड.

पप्पू चाकणला कंपनीत कामाला. निघताना त्यानं आईच्या पिशवीत आपलं बँकेचं कार्ड घातलं होतं. प्रयागबाईनं ते काढून दिलं. मुलगी भली होती, म्हणाली, "याच्यावर आम्ही आधीच रक्कम अडकवून ठेवतो. खर्च झाला नाही तरी सुटायला दोन-तीन आठवडे लागू शकतात."

"मंग नगं," संपत म्हणाला. "पोराचा पगार तेच्यात हाय. नातवाची, शौर्याची, शाळेची फी ऱ्हायली."

इंदरचंदशेठनं खिशातून आपलं क्रेडिट कार्ड काढलं. त्यांच्या मुलानं, संयमनं, करून दिलेलं. "दोन्ही खोल्या याच्यावर टाका. बिल महिन्यानं येतं. नंतर बघू आपण."

"न्हाई, शेठ."

"अहो, कार्ड काय माझ्या घरचं धान्य खातंय?"

"न्हाई म्हणलं ना. रोखीनंच."

संपतनं मांडवातल्या गर्दीत करावं तसं भिंतीकडं तोंड केलं, सदरा वर केला आणि मला सोडलं. सगळ्या नोटा गेल्या. बदल्यात एक चपटं, गुळगुळीत कार्ड आलं. घरी रिकामा लोंबत असायचो ते निराळं. परक्या मुलखात, संपतच्या पोटावर असा रिकामा मी कधी नव्हतो. खरं सांगतो, बरं वाटलं. वाटलं, आता निजावं.

बोटीच्या शिडीपाशी एक फोटोवाला सगळ्यांना थांबवत होता. संपत ताठ उभा राहिला, मयताला गेल्यासारखा. तेवढ्यात शेठ म्हणाले, "संपतभाऊ, हसा. फुकट आहे, उधारी नाही." आणि संपतला फिस्सकन हसू आलं. दिवा चमकला.

मग ते खोलीचं दार आलं. त्या दाराला कुलूप नव्हतं. खोली आवरणाऱ्या माणसानं संपतच्या हातातलं कार्ड घेतलं, दाराच्या फटीत सारलं. टुक असा आवाज झाला, हिरवा दिवा लागला, दार उघडलं.

संपतचा चेहरा उतरला. मी पोटावर होतो, मला त्याचा श्वास अडकलेला कळला.

मंचरच्या टेलिफोन बूथवर मीटर असंच टुक टुक करायचं आणि प्रत्येक टुकला पैसे चढायचे. दुकानातही हेच कार्ड, दारालाही हेच कार्ड. संपतनं मनाशी ताळा जमवला. हे दार दर वेळी पैसे खातंय.

आता हे शेठला विचारायचं तर होतं. पण विचारलं की शेठ म्हणणार, मी म्हणत होतो ना, माझ्या कार्डावर टाका. म्हणून विचारलं नाही.

पहिल्या दिवशी संपतनं दारात वहाण अडकवून ठेवली, म्हणजे दार लागायलाच नको. आवरणाऱ्या माणसानं ती उचलून आत नीट ठेवली आणि दार ओढून घेतलं. मग संपतनं ठरवलं, सकाळी एकदा बाहेर पडायचं ते रात्री निजायलाच यायचं. दिवसभर दोघं वरच्या गच्चीवर लाकडी खुर्च्यांवर बसून. ऊन सरकेल तशा खुर्च्या सरकवायच्या. प्रयागबाईला औषधाची गोळी खोलीतून हवी होती, तीही तिनं रात्रीवर ढकलली.

शेठच्या बायकोनं, कस्तुरबाईनं, डब्यातला खाकरा पुढं करत विचारलं, "प्रयागबाई, खोलीत पडा की जरा. डोळे किती ओढलेत तुमचे."

"हितं वारं लई गार लागतं," प्रयागबाई म्हणाली. वाऱ्यानं तिचा पदर फाटायला आला होता.

संपत तिच्याकडं न बघता समुद्राकडं बघत राहिला. माणसं दमली की एकमेकांना दमलो म्हणत नाहीत, हे मी पुष्कळ घरांत नाही, एकाच घरात पाहिलंय. पण तेवढं बास आहे.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वाटेवर एका भिंतीला सगळ्यांचे फोटो लावलेले दिसले. प्रयागबाई थांबली. संपत चार पावलं पुढं गेला आणि मागं आला.

फोटोत दोघं होती. प्रयागबाई पदर सावरतेय आणि संपत हसतोय, दात दिसतील असा.

"आवं, ह्यो घिऊ," ती म्हणाली. "आपल्या दोघांचा एक बी फोटू न्हाई."

खरंच नव्हता. त्यांच्या लग्नात फोटोवाला कुणी बोलावलाच नव्हता. पप्पूच्या लग्नात सगळे व्याही-विहिणी फोटोला उभे राहिले तेव्हा संपत आचाऱ्याजवळ तेलाचे डबे मोजत होता. त्या फोटोत प्रयागबाई एकटीच शेजारच्या बायांत उभी आहे.

"उद्या बघू," संपत म्हणाला.

"उद्या का?"

"दारानं किती खाल्लं, किती उरलं, कुणाला ठावं. फोटू मागायचा आन ती पोरगी चारचौघात म्हणायची, पैसं न्हाईत तुमच्या कार्डात. उद्या हिशेब झाल्यावर उरलं तर घिऊ."

पण त्या दिवशी प्रयागबाई त्या भिंतीशी पुन्हा पुन्हा जाऊन आली. चहाला म्हणून जायची आणि चहा न घेता यायची.

शेवटच्या दिवशी ऊन कलल्यावर संपत हिशेबाच्या खिडकीशी गेला. आतल्या बाईनं कार्ड लावलं, पडद्यावर बघितलं आणि हसली.

"अंकल, आपने तो कुछ खर्च ही नहीं किया."

"दार?"

"जी?"

"दरवाजा. त्याचं?"

"दरवाजे का क्या?" तिला कळेना. तिनं सगळ्याच्या सगळ्या नोटा मोजून पुढं ठेवल्या, कार्डावरचा हिशेब मिटवला आणि म्हणाली, आता हे नुसतं दार उघडायला ठेवा.

नोटा माझ्यात आल्या. तीन दिवस उन्हातान्हात ती दोघं बसली ती कशासाठी, हे संपतला तिथं उभ्याउभ्या कळलं. मला त्यानं नेहमीपेक्षा घट्ट आवळलं, टाके दुखले.

दोघं फोटोच्या भिंतीशी आली. संपतनं माझ्यातून नोटा काढल्या. फोटोवाला म्हणाला, कॅश नहीं, कार्ड. संपतनं कार्ड दिलं. लाल दिवा लागला. तो म्हणाला, "ये तो बंद हो गया. फिरसे पैसे भरके आओ." संपत खिडकीकडं परत गेला, तर तिथं पडदा ओढलेला. रोखीचा व्यवहार संपला होता.

"कल?" संपतनं विचारलं.

"कल सुबह सब उतर जायेंगे. बचे हुए फोटो हम फाड देते हैं."

प्रयागबाईनं भिंतीवरचा फोटो काढून हातात धरला होता. तो तिनं खाली ठेवला नाही.

"मंचरला स्टुडिओत काढू की," संपत म्हणाला. "मोठा काढू. काचंचा."

"तिथं तुमी हसत न्हाई," ती म्हणाली.

मग संपत वळला आणि जिना चढू लागला. त्याचे पाय मला जड लागले. बेल्ह्याहून बैल घेऊन चालत आला होता तेव्हाही इतके जड नव्हते.

शेठ आणि कस्तुरबाई गच्चीवर होती. सूर्य बुडायच्या आत त्यांचं जेवण उरकलेलं. संपत समोर जाऊन उभा राहिला.

"बसा," शेठ म्हणाले.

"बसायला न्हाई आलो." संपतनं घसा खाकरला. "शेठ, ते तुमचं कार्ड. महिन्यानं बिल येतं म्हणाला व्हता."

"हो."

"येक फोटू घ्यायचा हाय. हिला पायजे." मग थांबून म्हणाला, "मला बी पायजे."

शेठनं बायकोकडं बघितलं नाही, थट्टा केली नाही. उठले, चप्पल पायात सारली आणि म्हणाले, "चला."

शेठनं बोटीचं आपलं कार्ड दिलं, हिरवा दिवा लागला, फोटो पाकिटात गेला. संपतचा हात लगेच माझ्याकडं आला. त्यानं नोटा काढून शेठपुढं धरल्या.

"आत्ता कसले पैसे?" शेठ म्हणाले. "मलाच अजून कुणी मागितले नाहीत. बिल येऊ दे."

"घ्या शेठ. मला झोप न्हाई लागायची."

"मग जागा. मी किती गिऱ्हाइकांच्या नावानं जागलोय, तुम्हाला काय माहीत?"

प्रयागबाईनं संपतच्या हातावर हात ठेवला आणि नोटा हळूच माझ्यात परत सारल्या. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "येऊ द्या बिल."

आणि संपतनं ऐकलं.

गावी आल्यावर तो फोटो तिनं आतल्या खोलीत लावला. येईल त्याला दाखवते. नात अक्षदा म्हणते, "आजोबा, हे तुम्हीच का?"

फोटोच्या किमतीएवढ्या नोटा संपतनं निराळ्या बांधून माझ्यात ठेवल्या आणि महिना भरल्यावर बाजारच्या दिवशी शेठच्या दुकानात गेला.

"बिल आलं का, शेठ?"

"नाही अजून. बसा, चहा सांगतो."

इतकी वर्षं संपत त्या दुकानात कधी बसला नव्हता. रोखीच्या माणसाला बसायचं कारण काय? पैसे टाकायचे, माल उचलायचा, एसटी गाठायची. त्या दिवशी पहिल्यांदा तो गादीच्या कडेला टेकला. शेठनं पावसाचं विचारलं, गुडघ्याचं विचारलं. संपतनं चिमाजीची एक आठवण सांगितली, जी मीसुद्धा कधी ऐकली नव्हती. दुपार झाली.

पुढच्या बाजारी पुन्हा. "बिल आलं का?" "नाही हो. मोठी बँक आहे, सावकाश पाठवते. बसा."

आता याला दोन वर्षं होत आली. मध्ये एकदा शेठची सून डिंपल हिशेबाचे कागद लावत होती. ती म्हणाली, "बाबा, ते बोटीचं बिल तर आपण तेव्हाच..." शेठ तिला म्हणाले, "डिंपल, चहाचं बघ जरा." संपत त्या वेळी बाहेर रस्त्याकडं बघत होता. फार लक्ष देऊन बघत होता. रस्त्यावर काही नव्हतं.

माझं म्हणाल तर माझ्यात आता जीव राहिला नाही. बंद दोनदा बदलले. एका कडेला टीप उसवली आहे, घामाचे डाग निघत नाहीत. पप्पू म्हणतो, बँकेत टाका पैसे, हे चिंधूक फेका. फेकलं तरी माझी तक्रार नाही. पुष्कळ वाहिलं.

पण अजून बाजारच्या दिवशी सकाळी संपत मला बांधतो. त्याच थोड्या नोटा पोटात घेऊन मी मंचरला जातो, आणि संध्याकाळी तशाच घेऊन परत येतो. एवढं ओझं मला पेलतं.

इंदरचंदशेठ, तुमच्याकडं एकच मागणं आहे. माझे टाके टिकतील तोवर ते बिल येऊ देऊ नका.