वळणाजवळची बाकं

पट्टा हलू लागला तसा त्यानं पुढचा लोखंडी दांडा सोडला आणि दोन्ही हात कोपरात दुमडून धावपटूसारखे धरले. छातीवर चिकटवलेल्या वायरी त्याच्या सुटलेल्या पोटावर लोंबत होत्या.

“दांडा धरा, काका,” यंत्राशेजारी उभी असलेली मुलगी म्हणाली.

“धरून कोणी धावतं का?”

“धावायचं नाहीये. चालायचंय.”

त्यानं एका हातानं दांडा धरला. चालता चालता तो तिला सांगू लागला की आठशे मीटरची शर्यत लोक पहिल्याच फेरीत हरतात. सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतं, आज पाय हलके आहेत. तिथं जो स्वतःला आवरतो तो खरा. मुलीनं हूं म्हटलं, पण तिचं लक्ष पडद्यावरच्या रेघेकडे होतं. पट्ट्याची पुढची बाजू जराशी वर उचलली गेली आणि वेग वाढला. त्याचं बोलणं आधी तुटक झालं, मग थांबलं. उभा जन्म तो दुसऱ्यांच्या धावण्याबद्दल बोलत आला होता. स्वतः बस पकडायलाही कधी धावला नव्हता.

मुलीनं शेजारच्या खोलीकडे पाहून हाक मारली. डॉक्टर आले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि बोटानं खूण केली. पट्टा हळू होत थांबला.

“अजून दम आहे माझ्यात,” तो म्हणाला.

“दमाचा प्रश्न नाही,” डॉक्टर म्हणाले. “बसा जरा.”

बाहेरच्या बाकावर त्याची बायको आणि तिचा धाकटा भाऊ बसले होते. हा मेहुणा आयुर्विमा विकायचा, आणि ही तपासणी त्याच्याच कंपनीनं सांगितली होती. दार उघडल्याबरोबर मेहुणा उठून उभा राहिला आणि हसत हसत म्हणाला, “काय दाजी, सुवर्णपदक?” शर्टाची बटणं चुकीच्या काजांत घालत तो नुसताच हसला. बायकोनं पुढे होऊन बटणं काढली आणि पुन्हा नीट लावली.

दातांच्या प्रयोगशाळेत, जिथं तो कवळ्या बनवायचा, त्याला सगळे कॉमेंटेटर म्हणत. मेणात एकेक दात बसवताना, कवळीची कड घासून गुळगुळीत करताना त्याचं तोंड चालूच असे. कुठला गोळाफेकपटू पाय चुकीचा टाकतो, कुठल्या भालाफेकपटूनं प्रशिक्षक बदलला ते बरं केलं, रिले पथकात सगळ्यात वेगवान माणूस शेवटी ठेवणं हा कसा मूर्खपणा आहे. दुसरे लोक क्रिकेटवर बोलत, तेव्हा तो कानात बोटं घाले. त्याच्या मते खेळ एकच, पळणं, उड्या मारणं आणि फेकणं. बाकी सगळी करमणूक.

विम्याबद्दलही त्याची मतं होती. फार वर्षांपूर्वी, मेहुण्यानं हा धंदा नुकता सुरू केला होता, तेव्हा तो दोन योजना घेऊन आला होता. पहिलीत वर्षाला थोडेच पैसे भरायचे. माणूस मेला तर घरच्यांना मोठी रक्कम, जगला तर काहीच नाही. दुसरीत हप्ता जड, घरच्यांना मिळणारी रक्कम लहान, पण जगलं तर भरलेलं परत. “जिवंत राहिलो तर हरलो, असा कुठला खेळ असतो?” असं म्हणून त्यानं पहिली झटकून टाकली होती आणि मेहुण्याचं मन राखायला दुसरी घेतली होती. तिची मुदत संपली, पैसे आले, आणि ते घराच्या गळक्या छतात जिरले. त्यानंतर मेहुणा दर दोन-तीन वर्षांनी पहिल्या योजनेचा विषय काढी आणि तो दर वेळी त्याला उंच उडीचा नियम समजावून सांगे. आडव्या काठीची सुरुवातीची उंची खेळाडूला सोडून देता येते. ताकद राखायची, इतरांना थकू द्यायचं आणि मोठ्या उंचीला उतरायचं. “सध्या मी सोडतोय,” तो म्हणे. मेहुणा हसे. बहिणीच्या नवऱ्यापुढे तो आणखी काय करणार?

यंदा मात्र त्यानं स्वतःहून मेहुण्याला फोन केला होता. त्याला कारण माऊ.

माऊ त्यांची एकुलती एक मुलगी. वयानं सत्तावीस, समज आठ-नऊ वर्षांच्या मुलीची. ती सकाळी वडिलांचा डबा भरी, दुपारी आईबरोबर छापखान्यात जाई. तिथं आई प्रुफं तपासत असताना ती रद्दी कागदांचे चौकोन कापून त्यांचे गठ्ठे बांधी. गठ्ठे इतके सारखे असत की छापखान्याचे मालक ते टिपणांसाठी गिऱ्हाइकांना देत. मध्यंतरी आई तापानं अंथरुणाला खिळली, तेव्हा पहिल्यांदाच त्यानं माऊची वेणी घातली. वेणी तिरकी झाली. माऊनं ती आरशात बघितली, पुन्हा घालून घेतली आणि पुढची बस कधी आहे हे विचारावं तशा आवाजात विचारलं, “तुम्ही दोघं मेल्यावर माझी वेणी कोण घालणार?”

त्यानं फणीतले केस काढले. आत अंथरुणावर बायको जागी होती, हे त्याला तिच्या श्वासावरून कळलं.

तपासणीनंतर आठवड्याभरात मेहुणा प्रयोगशाळेत आला. जेवणाची सुट्टी होती. तो बहिणीच्या घरी न जाता इथं आला, यातच सगळं आलं. दोघं मागच्या जिन्यात उभे राहिले. कंपनीनं अर्ज नाकारला होता. जास्त हप्ता भरतो म्हटलं तरी उपयोग नव्हता. हृदयाच्या डॉक्टरांनी औषधं लिहून दिली होती, पथ्य सांगितलं होतं, नीट राहिलात तर वीस वर्षंही काढाल म्हणाले होते. ती वीस वर्षं डॉक्टरांना दिसत होती, कंपनीला दिसत नव्हती.

दुसरी कंपनी बघ, तो म्हणाला. मेहुण्यानं सांगितलं की प्रत्येक कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते, आधी कोणी नाकारलंय का.

“नाही म्हणून सांगू.”

मेहुणा बराच वेळ कठड्यावरचा रंग नखानं खरवडत राहिला. मग म्हणाला की आज खपून जाईल, हप्तेही ते आनंदानं घेतील. “पण दाजी, ज्या दिवशी ताई पैसे मागायला जाईल, त्या दिवशी ते हे कागद काढतील. तिला आणि माऊला दारातून परत पाठवतील. तेव्हा तिथं तुम्ही नसणार. मी असेन.”

त्यानं हातावरची प्लॅस्टरची पांढरी भुकटी विजारीला पुसली. पाच वर्षांपूर्वी घेतला असता तर मिळाला असता का, असं त्यानं विचारलं. जेवण झालं का तुमचं, असं मेहुण्यानं उलट विचारलं. तो भला माणूस होता.

त्या दुपारी प्रयोगशाळेत शांतता होती. कोणीतरी मुद्दाम मॅरेथॉनचा विषय काढून पाहिला, पण कॉमेंटेटर मान खाली घालून कवळी घासत राहिला. इतकी घासली की कड नको तितकी पातळ झाली आणि ती पुन्हा करावी लागली.

पुढचं सगळं बायकोनं ठरवलं. तिनं भावाला विचारलं, माझा विमा निघेल का? ती कमावती होती, तब्येत ठणठणीत होती. रक्त तपासलं, छातीचा आलेख काढला आणि कंपनीनं काहीच खळखळ न करता होकार दिला. जी योजना त्यानं हसण्यावारी नेली होती, नेमकी तीच. रविवारी सकाळी मेहुणा कागद घेऊन घरी आला. माऊ टेबलाच्या कडेला बसून बिस्किटं बशीत गोल मांडत होती.

मेहुणा एकेक रकाना मोठ्यानं वाचत भरत होता. बायको प्रुफं तपासायची तशी बोट ठेवून प्रत्येक ओळ वाचत होती. एका ठिकाणी तिनं पत्त्यातली चूक दाखवली. मेहुण्यानं ती सुधारली आणि पुढे सरकला.

“वारस म्हणून दाजींचं नाव घालतो.”

“नको,” ती म्हणाली. “तुझं घाल.”

मेहुण्याचं पेन थांबलं. त्यानं आधी बहिणीकडे पाहिलं, मग दाजींकडे.

“माऊसाठी घालायचंय,” ती म्हणाली. पत्त्यातली चूक दाखवतानाचाच तिचा आवाज होता. “तू असशील.”

त्यानं टेबलावरची साखरेची बरणी उचलली, झाकण फिरवून घट्ट केलं आणि परत होती तिथंच ठेवली. बायको कागदावरच बघत होती. तिचं बोट त्या रकान्यावर होतं आणि नखाच्या टोकाला पांढरं पडलं होतं. तिला ओरडून विचारावं, मी काय आत्ताच चाललोय का, असं त्याच्या ओठांवर आलं. पण ती चुकत नव्हती. तिच्या तपासलेल्या मजकुरात सहसा चूक सापडत नसे.

“बरोबर बोलतेय ती,” तो म्हणाला. “घाल.”

मेहुणा गेल्यावर तिनं त्याची गोळी आणि पाणी आणलं. गोळी तळहातावर ठेवून तिनं त्याची मूठ आपल्या हातानं मिटली आणि जरा वेळ तशीच धरून ठेवली. आत माऊ मोठ्या आवाजात टीव्ही लावून बसली होती, तो कमी कर म्हणून सांगायलाही कोणी उठलं नाही.

त्या आठवड्यात त्यानं मेहुण्याला पुन्हा फोन केला. विम्याचं काही नाही, म्हणाला. रविवारी स्टेडियमवर जिल्ह्याच्या स्पर्धा आहेत, तू चल. मेहुण्याला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी तो आला. बायकोनं प्रुफं राहिली आहेत म्हणून सांगितलं आणि ती घरीच थांबली.

माऊला घेऊन तो वर्षानुवर्षं स्टेडियमवर येत होता. ते बसत ती जागा प्रेक्षकांच्या मुख्य सज्ज्यापासून अगदी लांब, मैदानाच्या पलीकडच्या वळणाजवळच्या रिकाम्या बाकांवर होती. शर्यत सुरू करणाऱ्या बंदुकीचा आवाज माऊला सहन होत नसे. इथं तो मंद होऊन येई. पण इथून शेवटची रेषा दिसत नसे. गुणफलकाचा मोठा सांगाडा मध्ये येई. धावपटू वळण घेऊन त्या सांगाड्यामागे नाहीसे होत आणि मग नुसता लोकांचा गलका ऐकू येई.

“म्हणजे कोण जिंकलं ते तुम्हाला दिसतच नाही?” मेहुण्यानं विचारलं.

“दुसऱ्या दिवशी पेपरात बघतो.”

“मग एवढी मतं?”

“ती वळणापर्यंतची आहेत,” तो म्हणाला, आणि दोघंही हसले.

मग त्यानं मेहुण्याला एकेक गोष्ट सांगितली. ती ऐकण्यासारखी असावी म्हणून नव्हे, तर लक्षात राहावी म्हणून सावकाश सांगितली. तिच्या उजव्या हाताला बसायचं. बंदूकवाला हात वर करतो तेव्हा तिला आधी सांगायचं, आता होणार. कान झाकायला लावायचं नाही, त्यानं ती जास्त घाबरते. फक्त हात द्यायचा. घट्ट तीच धरते, आपण धरायचा नाही. पाणी मागितलं तर लगेच द्यायचं नाही, स्वच्छतागृह लांब आहे. मेहुणा मान डोलवत होता. एकदा त्यानं खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला.

पंधराशे मीटरच्या मुली रेषेपाशी जमू लागल्या, तशी त्यानं ऊन लागतंय म्हणून सांगितलं आणि उठून मागच्या रांगेत जाऊन बसला. ऊन तिथंही तेवढंच होतं. मेहुणा सरकून माऊच्या उजवीकडे आला. माऊनं त्याच्याकडे पाहिलं, मग मागे वळून वडिलांकडे.

“मामा आहे ना,” तो म्हणाला.

ती पुन्हा पुढे वळली. लांबवर लाल टोपीवाल्या माणसानं हात वर केला.

“आता होणार हं, माऊ,” मेहुणा म्हणाला. त्यानं आपला हात तिच्यापुढे धरला.

बंदूक वाजली. माऊचे खांदे कानांपर्यंत वर गेले आणि ती झटकन मागे वळली. त्याचा हात आपोआप पुढे निघाला होता. त्यानं तो मांडीखाली दाबून धरला आणि तिच्याकडे न बघता मैदानाकडे पाहत राहिला. मैदानात काय चाललंय ते त्याला दिसत नव्हतं. छातीत काहीतरी जोरानं आपटत होतं. औषधं घेऊनही इतकं आपटतं का, हे एकदा डॉक्टरांना विचारायला हवं, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

धावणाऱ्या पायांचा आवाज वळणावर आला, अगदी समोर आला. तेव्हा त्यानं खाली पाहिलं. माऊ पुढे तोंड करून बसली होती. तिच्या मुठीत मामाची दोन बोटं होती, आणि तिनं ती इतकी घट्ट आवळली होती की मेहुण्यानं ओठ दाबून धरले होते. हळूहळू तिचे खांदे खाली आले. मूठ मात्र सुटली नाही.

“कोण पुढे आहे, दाजी?” मेहुण्यानं मागे न वळता विचारलं.

मुली वळणातून निघून सांगाड्यामागे गेल्या होत्या. त्यानं पाहिलंच नव्हतं.