दहावे सफरचंद

मी सरावाची वही बोलतेय. पाठीला तारेची गुंडाळी, मुखपृष्ठावर टोपी घातलेले अस्वल. अस्वल पाहून मला पोरकट समजू नका. कोरियातल्या मोकपो शहरात बांग बाईंच्या पियानोच्या शिकवणीत आमच्याशिवाय पान हलत नाही.

माझ्या प्रत्येक पानावर दहा सफरचंदे छापलेली आहेत, आतून कोरी. धडा एकदा वाजवला की एक सफरचंद लाल पेन्सिलीने रंगवायचे. दहा झाली की बाई शिक्का मारतात आणि पुढचा धडा देतात. मुले काय करतात, ते सांगायला नको. एकदा वाजवायचे आणि तीन रंगवायची. फळीवर आम्हा वह्यांचा गठ्ठा असतो. तिथे हा विषय निघाला की हसून हसून आमच्या तारा सैल होतात.

सफरचंदांखाली बाई स्वतःच्या हाताने एक प्रश्न लिहितात, ‘वाजवताना काय दिसले?’ आठ वर्षांच्या हे-दम नावाच्या मुलीने एकदा त्यापुढे लिहिले होते, ‘भिंत.’ दुसऱ्या वेळी लिहिले, ‘भाजलेले रताळे.’ बाईंनी दोन्ही उत्तरे मान्य केली.

मी मात्र मुलाच्या वाट्याला आले नाही. मी आले एकसष्ट वर्षांच्या ओक-बुनच्या वाट्याला.

कोपऱ्यावर तिचे आणि तिच्या नवऱ्याचे धुलाई-इस्त्रीचे दुकान आहे. जून महिन्यात ती बाईंचे पडदे धुऊन पोचवायला आली. तिसऱ्या नंबरच्या खोलीत कुणीतरी संथपणे वाजवत होते. ओक-बुन पडदे कवेत घेऊन तशीच उभी राहिली. गाणे संपले तरी ती हलेना.

“बाई, हे शिकायला वयाची अट आहे का हो?”

“आहे की! बूट आपले आपण काढता यायला हवेत,” बाई म्हणाल्या.

ओक-बुनने बूट काढले. बाईंनी मला फळीवरून उचलून तिच्या हातात दिले.

तिची बोटे जाड होती आणि अंगठ्याशी इस्त्रीच्या चटक्याची जुनी खूण होती. पण कॉलर दाबताना ज्या सबुरीने हात फिरतो, त्याच सबुरीने ती पट्ट्यांवर हात ठेवी. पहिले आठ धडे तिने नेकीने पार पाडले. दहा वेळा वाजवायचे आणि दहाच रंगवायची. माझ्या शेजारच्या वह्यांना तर हे खरेच वाटेना.

ऑगस्टमध्ये नववे पान उघडले. याच गाण्यापायी ती पडदे घेऊन उभी राहिली होती. सव्वादोन मिनिटांचे गाणे. डावा हात पाळण्यासारखा हलत राहतो, उजवा हात अधूनमधून एखादा सूर ठेवतो, काचेच्या बशीत बोर ठेवावे तसा. अवघड जागा एकच. शेवटाआधी करंगळीला एकदम लांबची पट्टी गाठावी लागते.

पहिल्या दिवशी तिने प्रश्नापुढे एकच शब्द लिहिला, ‘आई.’

दुसऱ्या दिवशी लिहिले, ‘आईची पाठ. समुद्रावरचा वारा. शेवाळाचे पापड वाळत घालतेय.’ तिच्या गावात हिवाळ्यात समुद्रातले शेवाळ आणून त्याचे कागदासारखे पातळ, काळे पापड बांबूच्या चटयांवर उन्हात वाळवत. आई गेली तेव्हा ओक-बुन नऊ वर्षांची होती. आईचा फोटो नाही. फोटो काढायला शहरात जावे लागे, आणि शेवाळाच्या दिवसांत कुणाला सवड असे? चेहरा हळूहळू पुसट होत गेला आणि शेवटी आठवेनासाच झाला. या गाण्यात मात्र ती पुन्हा दिसू लागली होती. पाठमोरी का होईना, दिसत होती.

नऊ सफरचंदे भराभर लाल झाली. दहावे कोरेच राहिले.

आळस म्हणाल, तर ती रोज येई आणि तेच गाणे चार-चार वेळा वाजवी. पण रंगवायची वेळ आली की पेन्सिल माझ्या तारेत खोचून ठेवी आणि शेवटचे पान उघडून तिथे बारीक अक्षरात लिही: ‘आज आईचा लाल रुमाल दिसला.’ ‘पापड वाळताना तडतडतात तो आवाज आला.’ ‘करंगळी चुकली. हात उचलला. आई नाहीशी झाली.’ त्या चुकीच्या जागी ती दर वेळी हात उचलून घेई आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी.

नोव्हेंबर आला. वर्षअखेरच्या कार्यक्रमाची यादी लागली. नियम असा, की ज्या गाण्यावर शिक्का आहे तेच मंचावर वाजवायचे.

दुकानात आजोबांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, मला उघडून पाहिले. “अगं, एका सफरचंदाला तीन महिने? तेवढ्यात झाडाला लागून पिकलं असतं की!”

“तुम्ही तुमच्या पँटची घडी बघा. दोन रेघा पडल्यात,” ती म्हणाली आणि मला पिशवीत कोंबले.

कार्यक्रमाला पाच दिवस उरले तेव्हा बाईंनी तिला समोर बसवले. “ओक-बुनताई, सरावच करायचा नसेल तर तसं सांगा. मी तुमचं नाव काढते.”

 तेवढ्यात लाकडी भिंतीपलीकडून आवाज आला, “खोटं आहे बाई! आजी रोज चारदा वाजवते. मी मोजते!”

“हे-दम, तू स्वतःचा धडा वाजव!”

“वाजवला की दहा वेळा!”

“मला दोनदाच ऐकू आला.”

 मग दार किलकिले झाले. “बाई, वहीचं शेवटचं पान बघा ना. आजी तिथं लिहीत बसते. मी डोकावलं होतं.”

बाईंनी शेवटचे पान उघडले. त्या ओळीमागून ओळ वाचत गेल्या. मला त्यांचे बोट अक्षरांवरून सरकताना जाणवत होते. एका ओळीवर ते थांबले: ‘दहावे रंगवले तर बाई पुढचा धडा देतील. मग हिला कुठे शोधू?’

“अहो ताई,” बाईंचा आवाज मऊ झाला, “पुढचा धडा दिला म्हणून मागचा काय मी काढून घेते? मी शाळेत शिकलेलं एक गाणं अजून रोज सकाळी वाजवते. त्याच्या सफरचंदांची सालीसुद्धा उरल्या नसतील आता.”

“तुमचं ठीक आहे. तुमचे हात पक्के आहेत. माझं जेमतेम एक गाणं. लोकांसमोर वाजवलं, चुकलं आणि ती कायमचीच गेली तर?”

बाईंनी पेन्सिल माझ्या तारेत नीट खोचली आणि मला तिच्या हातात दिले. “मी शिक्का मारत नाही. नावही काढत नाही. दहावं तिथं वाजवा. रंगवायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. फक्त एकच करा. मंचावर हात उचलायचा नाही. पडलात तरी पुढं चालायचं.”

कार्यक्रमाच्या दुपारी नगर वाचनालयाच्या छोट्या सभागृहात सगळे जमले. मुली फुगीर झग्यांत, आया हातात पुष्पगुच्छ घेऊन. आजोबांनी शर्टाला अशी इस्त्री केली होती की बसताना करकर आवाज झाला. हे-दमने आपले गाणे इतके पळवले, की टाळ्या वाजवायला लोकांना उशीर झाला.

मग ओक-बुनचे नाव पुकारले. ती उठली, पिशवीत हात घातला आणि गाण्याच्या पुस्तकाऐवजी मला घेऊन मंचावर गेली. घाईत तिला ते कळले नाही. पियानोवर उभे केल्यावर कळले. समोर सूर नव्हते. नऊ लाल सफरचंदे होती आणि एक कोरे. मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसले.

परत जावे की बसावे? ती बसली.

डावा हात हलू लागला. सभागृहातली कुजबुज हळूहळू विरली. सूर एकेक करून बशीत पडू लागले. मी तिच्या डोळ्यांसमोरच होते, पण ती माझ्या पलीकडे कुठेतरी पाहत होती. अवघड जागा जवळ आली, करंगळी लांबली आणि चुकली. भलताच सूर वाजला, ठेच लागल्यासारखा.

तिचे खांदे ताठ झाले. हात उचलला जाणार, असे मला वाटले. पण हात पट्ट्यांवरच राहिले. ती पुढे गेली. जरा हळू, लंगडत, तरी पुढे. आणि त्या ठेचेनंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या सुराला ओक-बुन पियानोसमोर बसल्या बसल्या हसली. तोंड भरून.

गाणे संपले. नमस्कार करायचा सोडून तिने माझ्या तारेतली पेन्सिल उपसली आणि सगळ्यांदेखत दहावे सफरचंद रंगवले. कडेबाहेर गेले, तरी रंगवतच राहिली. लोक हसले, टाळ्या वाजवू लागले. “शिक्का! शिक्का!” हे-दम बाकावर उभी राहून ओरडली. बाईंना पर्समधून शिक्का काढावाच लागला.

नंतर जवाच्या चहाभोवती गर्दी झाली. “मला आपल्या पहिल्या दुकानाच्या काचेवरची वाफ दिसली,” आजोबा कुणी विचारले नसताना म्हणाले. एका आईला माहेरचे अंगण दिसले होते. हे-दमला पुन्हा रताळेच दिसले होते. ओक-बुन मात्र कोपऱ्यात बसून मला मांडीवर घेऊन लिहीत होती:

‘मी अडखळले. आईने वळून पाहिले. लेकरू पडले की बघतात तसे. गालाला शेवाळ लागले होते.’

आता माझी पाने भरली आहेत. दुकानात इस्त्रीच्या टेबलापाशी एका खिळ्याला मी लटकते. वाफेने माझे अस्वल फुगले आहे. पुढच्या धड्यांसाठी ओक-बुनने नवी वही घेतली, पण नववे गाणे वाजवून आली की ती मलाच खाली काढते आणि समासात हाताने एक छोटे सफरचंद काढून रंगवते. काही बटाट्यासारखी दिसतात. माझी तक्रार नाही.

तुम्हाला माझी एकच विनंती आहे. कधी दुपारी एखाद्या खिडकीतून कुणी अडखळत, संथ वाजवताना ऐकू आले, तर चुका मोजू नका. घटकाभर उभे राहा. कुणाची तरी आई तेवढ्यात वळून पाहत असेल.