पांढरा पुठ्ठा

रंगाच्या बाबतीत फोटोग्राफर नाकावर माशी बसू देत नसे. धाकटी बहीण नवऱ्याबरोबर परदेशी निघाली, तेव्हा तळ्याकाठी घरच्यांचा एक फोटो काढायचं ठरलं आणि स्वारीने चार दिवस आधीच फर्मान सोडलं, "बदामी, राखी, फिकट निळा. दुसरा रंग दिसला तर मी कॅमेरा उघडणार नाही." फोटोची एक प्रत बहिणीबरोबर जाणार होती, दुसरी त्याच्या स्टुडिओच्या दर्शनी काचेत लागणार होती.

सगळ्यांनी निमूट ऐकलं. आई मात्र लालभडक स्वेटर घालून आली. धाकटीने पहिल्या पगारातून घेतलेला तो स्वेटर तिने आजवर जपून ठेवला होता. चढण चढून ती सगळ्यांच्या आधी तळ्यावर पोचलीसुद्धा.

उन्हं कलली होती. मागे वाळकं पिवळं गवत, पलीकडे धूसर पाणी. बाबा बाकावर, धाकटी त्यांच्या खांद्याशी, जावई जरा मागे. तिघांची डोकी अशी छान त्रिकोणात बसली की फोटोग्राफर स्वतःवरच खूश झाला. मग आई बाबांशेजारी येऊन बसली आणि सगळं बिघडलं. कुठूनही बघितलं तरी डोळा लाल रंगावरच जायचा.

"आई, तो रंग सगळ्यांना खाऊन टाकतोय गं. स्वेटर काढतेस?"

"आत घरातलंच पोलकं आहे रे, उसवलेलं," आई हळूच म्हणाली.

"मग असं कर, हा पांढरा पुठ्ठा धर. ऊन मागून येतंय, चेहरे काळवंडतायत. तू बाजूने त्यांच्यावर उजेड टाक. तुझा मागाहून काढू."

"हे काय दादा!" धाकटी उसळली. "आईशिवाय फोटो कसला?"

"अगं, मलाच नको," आई घाईघाईने म्हणाली. "गुडघे धरलेत माझे. बसले की उठवत नाही. मी उभीच बरी."

तिचे गुडघे ठणठणीत आहेत हे त्याला ठाऊक होतं. तेवढं एक वाक्य त्याने बोलायला हवं होतं. त्याने कॅमेऱ्याला डोळा लावला. आई वीस मिनिटं पुठ्ठा धरून उभी राहिली, मग ऊन गेलं आणि सगळे घरी आले.

धाकटी गेली. फोटो काचेत लागला आणि रस्त्यावरचे लोक थांबून बघू लागले. महिन्याभराने आई डबा घेऊन स्टुडिओत आली असताना शेजारच्या शिंपीणबाई आत डोकावल्या. "काय उजेड पडलाय हो चेहऱ्यांवर! पण तुम्ही कशा नाही यात?"

"गुडघे हो माझे," आई म्हणाली.

फोटोग्राफर लेन्स पुसत राहिला. शिंपीणबाई गेल्यावर त्याला राहवेना.

"आई, गुडघ्यांचं कशाला सांगत बसतेस? मी काढलं तुला बाहेर. सरळ सांग ना लोकांना."

"काय सांगू? मुलाला आपली आई काचेत नको होती, असं?"

"अगं, नुसता रंगाचा प्रश्न होता! तुझी लाज कशाला वाटेल मला?"

"मलाही आधी तसंच वाटलं," आई डब्याची झाकणं उघडत म्हणाली. "म्हणून दुसऱ्या दिवशी राखी स्वेटर घालून आले इथे. धाकटी जायला अजून दोन दिवस होते. म्हटलं, आता तरी चौघांचा काढेल. तू म्हणालास, गिऱ्हाईक आहे, बस जरा."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती आली होती हे त्याला आठवत होतं. त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर ती तासभर बसली होती आणि मग तशीच उठून गेली होती. अंगात काय घातलं होतं, ते मात्र त्याला काही केल्या आठवेना.