खालची पट्टी

कुत्र्याने पाय वर केला होता. भिंगाखाली जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा... कुठल्याशा डच शहरात, कालव्याच्या काठी, देवळाच्या भिंतीशी, भरदिवसा. अडीचशे वर्षं झाली तरी याचं आटपत नाही, आणि आपल्याला मात्र पाचपर्यंतच वेळ — दयारामने भिंग पुसलं. भिंग स्वच्छच होतं, घाम त्याच्या पापणीला होता.

पाच वाजता मितालीताई येणार. सासऱ्यांनी जहाजावरच्या नोकरीत असताना आणलेलं चित्र, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं, जपून हं, असं त्यांनी चारदा बजावलं होतं. ताई, काळजी सोडा, असं तो म्हणाला होता. त्यांनी सोडली. ती काउंटर ओलांडून याच्याकडे आली.

तीस वर्षं पनवेलात देव मढवले. कॅलेंडरवरचा देव आला की आधी खालची पट्टी उडवायची, तारखा आणि किराणा दुकानाची जाहिरात, मग देवाला काचेत घ्यायचं. कालही हाताने तेच केलं. खाली परदेशी अक्षरं, म्हणजे तिकडचा किराणा... सुरी फिरली, आणि उजव्या कोपऱ्यात घसरून चित्रातही अर्धा इंच घुसली. आज सकाळी ताईंचा फोन — खाली शहराचं नाव आहे, कोरणाऱ्याची सही आहे, ती तेवढी नीट दिसू द्या.

मग पट्टीचा शोध. केराचा डबा, टेबलाखाली... आणि मग आठवलं. पळस्प्याच्या काशिरामच्या वडिलांच्या फोटोला, मागून धूळ शिरू नये म्हणून, काल तीच जाड कागदाची पट्टी चिकटवली होती ना आपण! आज त्यांचं तेरावं.

काशिराम फोनवर कुजबुजला, "मिस्तरी, बाबांना आताच हार घातलाय. भटजी बसलेत, पावनी बसलीत. तुमच्या कागदासाठी त्यांना पालथं घालू? आनि चिकटवलाय तुमीच, तो काय निघतोय? नाय जमायचं."

म्हणजे म्हातारा पाठीवर डच माणसाची सही घेऊन स्वर्गात निघाला.

आता एकच — रुंद माउंट. वरून कोरा पुठ्ठा बसवायचा, कापलेलं झाकायचं, आणि सही आत आहे असं ठणकावून सांगायचं. ताई काय फ्रेम फोडून बघणार आहेत? त्याने माउंट सरळ लावलं. खालची एक बाई गुडघ्यांपर्यंत झाकली गेली.

कोण ही? पायरी धुतेय. पदर... पदर कसला, असेल ते, कमरेला खोचलाय. मागे होडीवाला दोरी ओढतोय, कोणी टोपली उतरवतोय, आणि ही आपली ओणवी, बादली पायाशी, शेजारणीशी बोलता बोलता. कोरणाऱ्याने त्या बादलीतलं पाणीसुद्धा सोडलं नव्हतं, केसाएवढ्या तीन रेघा. घरी आमची गुणाबाई ओटा धुताना अशीच, अर्धं लक्ष समोरच्या दारात. एका माणसाने हे बसून बघितलं, आणि मी दोन दिवस हातात घेऊन फक्त लांबी-रुंदी बघितली.

माउंट वर सरकवलं की बाई पुरी दिसायची, आणि वाकडा कापही. खाली ओढलं की काप जायचा, बादलीसकट. वर. खाली. पाचला चार मिनिटं होती.

बाहेर स्कूटर थांबली. "झालं का हो, दयारामभाऊ?"

त्याने माउंट उचलून बाजूला ठेवलं. कोपरा उघडा पडला, दातांनी कुरतडल्यासारखा. भय होतंच, पण आता निराळंच... ताई वाकल्या, आणि याला वाटून गेलं, आधी काप बघतील. बाईकडे बघायचंच राहून जाईल.