शेजारच्या खाटेवरचे दात

मी एक जुनी कवळी आहे, मित्रांनो. हसलात ना? हसा. पेल्यातल्या पाण्यात दात विचकून बसलेली मी कोणालाच देखणी वाटत नाही. पण ज्याच्या तोंडात औषधालाही दात उरलेला नाही, त्याला विचारा माझी किंमत.

माझी मालकीण म्हणजे एक शिवणकाम करणाऱ्या आजी. जन्मभर त्यांनी दोरा दातांनीच तोडला, आणि एकेक करून सगळे दात त्यांना सोडून गेले. मग दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मऊ लगदा तोंडात दाबून त्यांच्या हिरड्यांचा ठसा घेतला. ठशात प्लास्टर ओतलं, त्यावर मेण चढवलं आणि मेणात माझे दात रोवले. मी अशी कच्ची असतानाच मला तोंडात घालून पाहिलं.

"साठ, सासष्ट, सदुसष्ट म्हणा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दात बरोबर बसलेत का, ते 'स' कसा निघतो त्यावरून कळतं.

आजींनी आकडे म्हटले, आरशात पाहिलं आणि नाक मुरडलं. "हे काय, नव्या नवरीचे दात लावलेत मला! जरा पिवळट करा. आणि उजवीकडचा सुळा थोडा वाकडा बसवा, माझा तसाच होता. उद्या कोणाशी भांडायला गेले तर माणसानं ओळखायला नको?"

मेणच ते, सुळा हलला. नंतर मेण काढून त्या जागी गुलाबी लगदा भरला, मला गरम पाण्यात शिजवलं, घासूनपुसून चकचकीत केलं. सुरुवातीला मी एका जागी टोचायची. डॉक्टरीणबाईंनी तेवढा भाग घासून दिला आणि आमचं जमलं. एकाच्या जबड्यावर बेतलेली कवळी दुसऱ्याला बसत नाही, मित्रांनो. चप्पल एखादे वेळी चालून जाते, कवळी नाही. आजी माझ्या जोरावर चावत, बोलत आणि जावयाला टोमणे मारत. "आता दात आलेत मला, जपून राहा!"

मग आजी पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. लेकीची नोकरी दूरगावी, म्हणून पायात बळ येईपर्यंत त्यांना वृद्धाश्रमात ठेवलं. शेजारच्या खाटेवर एक मास्तरीणबाई होत्या. पक्षाघातानं त्यांची वाचा गेलेली, एक हात तेवढा चालायचा. कवळी त्यांनाही होती. तिथल्या मावशींच्या गळ्यात सगळ्या मजल्याचं काम. संध्याकाळची जेवणं उरकली की त्या सगळ्यांच्या कवळ्या एकाच टोपात टाकून धुवायच्या. ओल्या कवळ्या सगळ्या सारख्याच दिसतात. एका सकाळी मी मास्तरीणबाईंच्या तोंडात गेले आणि त्यांची कवळी आजींच्या.

मास्तरीणबाईंचा जबडा नाजूक. मी त्यांना मोठी. प्रत्येक घासाला माझी कड त्यांच्या हिरडीत रुतायची, आणि मला मागे सरकता येत नव्हतं. चालत्या हातानं त्या मला काढू गेल्या, की मावशी पुन्हा दाबून बसवायच्या. दोन घासांनंतर त्या ओठ घट्ट मिटायच्या.

"हट्टी आहेत बाई," मावशी म्हणायच्या. "शाळेत पोरांना धाकात ठेवलं, आता मला ठेवतायत."

इकडे आजींच्या तोंडात दुसरी कवळी डुगडुगायची. शब्द लाळेत विरघळायचे. एकदा मास्तरीणबाईंनी मोठी जांभई दिली आणि आजींना माझा वाकडा सुळा दिसला.

"अहो मावशी! माझे दात त्यांच्या तोंडात आहेत! तो वाकडा सुळा बघा!"

"काल म्हणालात भातात खडे आहेत, आज दात चोरीला गेले. उद्या नाक शोधायला लावाल मला."

आजींनी लेकीला फोन लावला. पलीकडून काळजीचा आवाज आला, "आई, गोळ्या वेळेवर घेतेस ना गं?"

आजींनी फोन ठेवला. मास्तरीणबाईंचं ताट आज पुन्हा तसंच परत गेलं होतं. आजींना स्वतःच्या जेवणाचं एवढं वाटत नव्हतं. त्या निदान ओरडू तरी शकत होत्या. ही बाई मुकाट्यानं सुकत चालली होती.

दुपारी त्या वॉकर धरून, कण्हत, शेजारच्या खाटेपर्यंत गेल्या. "बाई, आ करा. काढते मी."

मास्तरीणबाईंनी लगेच आ केला. चालत्या हातानं आजींचं मनगट धरून त्यांनीच ते आत ओढलं. बोटं मला लागली, मी सैल झाले, आणि तेवढ्यात दारात मावशी किंचाळल्या. त्यांना काय दिसलं? एक म्हातारी दुसरीच्या तोंडात हात घालतेय आणि ती बिचारी मनगट धरून तिला अडवतेय.

आजींना दुसऱ्या खोलीत हलवलं. डॉक्टरांनी शांत राहायच्या गोळ्या दिल्या. त्यांच्या तोंडातली कवळी काढून उशाच्या पेल्यात ठेवली, म्हणजे कटकट नको. मला मात्र मास्तरीणबाईंच्या तोंडात पुन्हा नीट दाबून बसवलं.

त्यानंतर मास्तरीणबाईंसाठी कोणीच आलं नाही. पेज ओठांच्या कोपऱ्यातून ओघळायची. त्या दाराकडे बघत राहायच्या. मी आत होते, मित्रांनो, सगळं ठाऊक असलेली. कवळीला आवाज नसतो. एका पहाटे त्यांचा श्वास थांबला.

त्यांना शेवटचं पुसून घेताना मावशींनी मला बाहेर काढलं. माझ्याखाली हिरडी चिरून पांढरी पडली होती. मावशी खाटेच्या कडेवर बसल्या. माझ्या वाकड्या सुळ्याकडे बघत राहिल्या. मग मला पदरात धरून आजींच्या खोलीत गेल्या.

आजी गुंगीत होत्या. मावशींनी मला त्यांच्या तोंडात बसवलं. मी जागच्या जागी बसले. कितीतरी दिवसांनी आजींचे शब्द स्वच्छ बाहेर आले.

"मास्तरीणबाई जेवल्या का?"

मावशींनी मान खाली घातली. आजी समजल्या. मग त्यांनी उशाच्या पेल्यातली कवळी काढून मावशींच्या हातात ठेवली.

"ही त्यांना घाला. निदान जाताना तरी त्यांचं त्यांना असू दे."

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणी कवळी लावणारं असेल. त्या कवळीवर नाव घालून घ्या, ती वेगळ्या पेल्यात ठेवा. आणि म्हातारं माणूस जेवत नाही म्हणून चिडण्याआधी, त्याला हट्टी म्हणण्याआधी, उजेडात नेऊन एकदा त्याचं तोंड उघडून बघा. मावशींनी बघितलं. पण तोवर त्या तोंडाला भूक उरली नव्हती.