गंगम्माचा काळा दोरा

या, थोडं पुढं सरकून बसा. कीर्तनाआधी वीणा जुळवतात तसं मन जुळवून घ्या, एक गोष्ट सांगतो. गोष्ट विजेवरच्या गाडीची आहे, पण ऐकायची ती आईची म्हणून.

अक्कलकोट रस्त्यावर गौसचं गॅरेज. भर दुपारी श्रीशैलची गाडी तिथं आली ती मागच्या डाव्या अंगाला बसलेली, पाय मोडलेल्या बैलासारखी. आत गादीवर त्याची आई, गंगम्मा. दुखणं हाडांत शिरलेलं, डॉक्टरांनी हात टेकलेले. तिचं एकच मागणं होतं, "मैंदर्गीत शिवनाम सप्ताह चाललाय. आज शिवलीलाचं कीर्तन हाय. ते ऐकत डोळे मिटू दे." शिवलीला म्हणजे शेजारची पोर. तिच्या हाती पहिला टाळ गंगम्मानंच दिलेला.

मैंदर्गीहून सोलापूरच्या दवाखान्यात आणताना ॲम्ब्युलन्समध्ये खड्ड्याखड्ड्याला म्हातारी किंचाळली होती. श्रीशैलच्या गाडीला स्प्रिंगांऐवजी हवेचे फुगे, खड्डा पोटातल्या पोटात गिळणारे. म्हणून सकाळी गाडी स्वच्छ धुऊन, गादी अंथरून तो निघाला, आणि शहर सुटायच्या आतच एक फुगा बसला. आता एकेक दगड थेट तिच्या मणक्यात जात होता.

गौस आणि श्रीशैलनं तिला अलगद उचलून गॅरेजमागच्या घरात, खाटेवर ठेवलं. गौसची बायको रुक्साना ओल्या फडक्यानं तिचे ओठ टिपत बसली.

"फुगा फुटला असंल," म्हणत गौसनं साबणाचं पाणी फासलं. एक बुडबुडा नाही. नळ्या चाचपल्या, पुन्हा फासलं. काही नाही. दुपार मात्र सरकत होती.

"कंपनीला फोन लावा की, श्रीशैलअण्णा."

"लावला. उद्या माणूस पाठवतो म्हणाले." श्रीशैलनं कपाळावर हात मारला. "अव्वाकडं उद्या हाय का, गौसभाई?"

आतून रुक्सानाचा आवाज आला, "भैया, अम्मा पूछरी, मैंदर्गी आई क्या?"

भिंतीकडं तोंड करून श्रीशैल नुसता 'शिवा, शिवा' म्हणत राहिला.

गौसनं लॅपटॉप जोडला. पडद्यावर चारही चाकांची उंची बरोबर! त्यानं एकदा पडद्याकडं पाहिलं, एकदा झुकलेल्या गाडीकडं. "ही बया तर म्हणतीय, मी सरळ उभी हाय."

लॅपटॉपवरूनच त्यानं फुग्यात हवा भरली. गाडी उठली. श्रीशैलचा जीव भांड्यात पडतोय तोच मागून फुस्स झालं आणि गाडी पुन्हा खाली.

"फुटलेला फुगा असा बसत न्हाय," गौस म्हणाला. "ही आपणहून हवा सोडतीय. तिला वाटतंय, मी लई वर आलेय. मी उगाच फुग्याच्या मागं लागलो, अण्णा. चाकामागं एक बारीक दांडी असती, गाडीला उंची सांगणारी. ती खोटं सांगतीय. टॉर्च धरा."

गाडी वर उचलली. श्रीशैलनं उजेड पाडला आणि तो जागीच थिजला. दांडीला काळा दोरा होता, दोऱ्यात ओवलेला बिब्बा. आवळलेल्या दोऱ्यानं दांडी एका बाजूला ओढून धरली होती.

गाडी घेतली तेव्हा आईनं पुढं लिंबू-मिरची बांधली होती. "लोक हसतील अव्वा," म्हणत त्यानं ती काढून फेकली होती. पण लेकाला दृष्ट लागू नये, म्हणून त्याची नजर जाणार नाही तिथं तिनं दोरा बांधला. ठणकत्या हाडांनी ती चाकाशी कशी वाकली असेल, ते शिवालाच ठाऊक. सैल होता तोवर काही बिघडलं नाही. सकाळच्या धुण्यात सूत भिजलं आणि आवळलं.

गौसनं ब्लेड पुढं केलं. ते न घेता श्रीशैल खाटेपाशी गेला.

"अव्वा, गाडीखालचा दोरा..."

"दिसला व्हय तुला?" डोळे न उघडता ती म्हणाली.

"कापू का गं?"

"बांधताना मी तुला विचारलं व्हतं का? काप. नडी, मगा, नडी." चल लेकरा, चल.

दोरा कापला. गाडी उठली आणि उठलेलीच राहिली. रुक्सानानं तोच दोरा श्रीशैलच्या मनगटाला बांधला. "फेंको नक्को भैया, अम्मा की दुआ है."

वाटेत गंगम्मा खड्ड्यालाही कण्हली नाही. ते गाडीमुळं की जीवच ओसरल्यामुळं, हे कळेना, म्हणून श्रीशैल पुन्हा पुन्हा आरशात बघत होता. मैंदर्गीत पोचले तेव्हा मंडपातली माणसं उठू लागली होती. कीर्तन संपलं होतं.

"थांब गं शिवलीला!" गाडीतूनच तो ओरडला.

तिनं गाडी ओळखली. टाळ घेऊन धावतच आली, दाराशी जमिनीवर बसली आणि गाऊ लागली. श्रीशैल मागं आईपाशी येऊन बसला होता. गंगम्माचं बोट त्याच्या मनगटावर, त्या दोऱ्यावर, ठेका धरू लागलं. पहिलं कडवं झालं. दुसऱ्यात बोट थांबलं. शिवलीलाला ते दिसलं, पण तिनं सूर सोडला नाही. पद शेवटापर्यंत म्हटलं.

मंडळी, मागणं फार नाही. पुढच्या वेळी कुठं टाळ ऐकलात, तर त्यातला एक ठोका गंगम्माच्या आठवणीचा असू द्या.